उत्तर येतं, कळत काहीच नाही: स्प्रेडशीटवर स्टॅट्स शिकताना

प्रश्न थोडक्यात असा. कल्याणहून रोज सीएसएमटीला नोकरीसाठी येणाऱ्या एका ताईंनी बी.कॉम.च्या पहिल्या वर्षी स्टॅट्सचा (संख्याशास्त्राचा) पेपर सूत्रं पाठ करून काढला. आता नोकरी सांभाळून एम.बी.ए. करताना तोच विषय पुन्हा समोर आलाय, पण या वेळी प्रात्यक्षिकं एक्सेलवर आहेत. त्या म्हणतात, फंक्शन टाकलं की उत्तर येतं, मार्कही मिळतात, पण प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती विखुरलेत त्याचं माप) अमुक आलं म्हणजे नक्की काय झालं ते विचारलं तर तोंड बंद. मग एक्सेल सोडून सरळ पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकावी का? आणि सेमिस्टरच्या प्रोजेक्टसाठी डेटा कुठून आणावा?

पायथॉनचं आधी उरकतो. आत्ता नको. तिथेही एका ओळीत उत्तर येतं आणि तुमची अडचण नेमकी तीच आहे. स्प्रेडशीटचा फायदा हा की मधली प्रत्येक पायरी कॉलम होऊन डोळ्यांसमोर राहते. अट एवढीच की ती पायरी तुम्ही स्वतः मांडली पाहिजे. मी कॉमर्स आणि सायकॉलॉजीच्या मुलांची प्रात्यक्षिकं बरीच वर्षं घेतोय. एक्सेलमध्ये ‘डेटा ॲनालिसिस’ नावाचं जे तयार पॅकेज मिळतं, ते मी पहिल्या सेमिस्टरला उघडूच देत नाही. त्यातून भलंमोठं कोष्टक बाहेर पडतं, मुलं ते जर्नलमध्ये चिकटवतात आणि विषय तिथेच संपतो. माझ्याकडे नियम असा: कुठलंही फंक्शन वापरायचं असेल तर ते आधी एकदा साध्या बेरीज-वजाबाकीने बांधून दाखवायचं.

(फंक्शनांची नावं इथे देवनागरीत लिहितोय. टाइप अर्थातच इंग्रजीत करायची.)

सुरुवात दहा आकड्यांनी करा, आणि ते आकडे तुमचे स्वतःचे हवेत. तुमची सकाळची लोकल रोज किती मिनिटं उशिरा येते ते टिपून ठेवा. एका कॉलममध्ये टाइमटेबलची वेळ, दुसऱ्यात गाडी प्रत्यक्ष आली ती वेळ, तिसऱ्यात वजाबाकी. इथेच पहिला अडथळा येतो. एक्सेल वेळ साठवतं ती दिवसाचा अपूर्णांक म्हणून, त्यामुळे वजाबाकीला १४४० ने गुणलं की मिनिटं मिळतात. नुसती वजाबाकी ठेवलीत आणि एखाद्या दिवशी गाडी वेळेआधी आली, तर उणे वेळ दाखवता न आल्याने सेलभर नुसती #### दिसतात. गुणाकार करून सेलचा फॉरमॅट साध्या संख्येचा केला की प्रश्न मिटतो.

खरी अडचण मात्र तांत्रिक नसते. गाडी रद्द झाली त्या दिवशी काय लिहिणार? शून्य लिहिलंत तर ती वेळेवर आली असा अर्थ निघतो. ‘रद्द’ असा शब्द लिहिलात तर एव्हरेज फंक्शन तो सेल गुपचूप सोडून देतं आणि सगळ्यात वाईट दिवस हिशेबातून गळतो. रविवारच्या मेगाब्लॉकचं काय? तुम्ही रविवारी प्रवासच करत नसाल तर तुमचा नमुना कामाच्या दिवसांपुरता आहे, हे शीटच्या वरच लिहून ठेवा. गाडी ‘आली’ म्हणजे फलाटाला लागली की थांबली की सुटली, हेही एकदा ठरवा आणि मग बदलू नका. पाठ्यपुस्तकात हे सगळं ‘माहितीचे संकलन’ या एका शीर्षकाखाली दोन पानांत उरकतं, आणि नोकरीत अर्धा वेळ यातच जातो.

समजा, दहा दिवसांचे आकडे असे आले: २, ३, १, ४, २, ०, ३, ५, २, ४८. शेवटचा दिवस तुफान पावसाचा. बेरीज ७०, म्हणून मध्य, म्हणजे सरासरी, ७ मिनिटं. पण सात मिनिटांच्या आसपास उशीर एकाही दिवशी झालेला नाही. मध्यक, म्हणजे आकडे चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध पडणारा आकडा, येतो २.५, तो रोजच्या अनुभवाशी जुळतो. म्हणून बरेच जण सांगतात की असा एखादा टोकाचा आकडा असेल तर मध्यक घ्या. मी म्हणेन, आधी प्रश्न काय आहे ते बघा. उद्या सकाळी घरातून किती लवकर निघू, हा प्रश्न असेल तर मध्यक बरा. महिन्यात एकूण किती वेळ फलाटावर गेला, हा प्रश्न असेल तर मध्यच लागतो, कारण मध्याला दिवसांनी गुणलं की बेरीज परत मिळते. मध्यकाला गुणून काहीच मिळत नाही.

आता स्टँडर्ड डेव्हिएशनचं फंक्शन न वापरता प्रमाण विचलन काढा. चौथ्या कॉलममध्ये प्रत्येक आकड्यातून ७ वजा करा. त्या कॉलमची बेरीज शून्य येते, ती मुद्दाम खाली काढून बघा. पाचव्या कॉलममध्ये त्यांचे वर्ग. त्यांची बेरीज १८८६. तिला ९ ने भागून वर्गमूळ घेतलं की साधारण १४.५ मिळतात. तयार फंक्शनही हेच देईल. पण पाचव्या कॉलमकडे नीट बघा. १८८६ पैकी १६८१ एकट्या पावसाच्या दिवसाचे आहेत, म्हणजे ८९ टक्के. तुमचे १४.५ हे दहा दिवसांच्या चढउताराचं वर्णन नाहीच, ते जवळजवळ पूर्णपणे एका दिवसाचं आहे. फंक्शनमधून फक्त १४.५ बाहेर पडतात, हा वाटा तुम्हाला कॉलमशिवाय दिसला नसता. परीक्षेत ‘प्रमाण विचलनाचे दोष सांगा’ म्हणून दोन मार्कांना जे वाक्य लिहितात, ते हेच.

मग तो ४८ काढून टाकायचा का? चुकून ४.८ चे ४८ झाले असतील तर दुरुस्त करा. खरंच झालेला उशीर असेल तर राहू द्या. मुंबईत याहून मोठं उदाहरण शोधायला नको. २६ जुलै २००५ चा चोवीस तासांचा पाऊस सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर नोंदला गेला आणि कुलाब्याला सुमारे ७३. दोन्हींचा मध्य निघतो ५०९ च्या आसपास, आणि तेवढा पाऊस दोन्हीपैकी कुठेच पडला नव्हता. आता एखाद्याने ‘आउटलायर’ म्हणून ९४४ खोडला तर? शहराने पर्जन्यमापक बसवायचे ते अशाच दिवसासाठी. टोकाचा आकडा दिसला की खोडायचं, ही सवय कॉलेजात लागते आणि पुढे ऑफिसात ती महागात पडते.

इथवर झालं ते वर्णन. ज्या भागात सगळे अडकतात तो याच्या पुढे आहे, आणि तिथे स्प्रेडशीटला तोड नाही. भागिले ९ का केलं, १० का नाही? वर्गात ‘डिग्रीज ऑफ फ्रीडम’ म्हणून पुढे जातात. त्यापेक्षा हे करून बघा. नव्या शीटवर पाच कॉलममध्ये रँडबिटवीन(१,६), म्हणजे १ ते ६ मधला यादृच्छिक आकडा देणारं फंक्शन, भरा आणि हजार ओळी खाली ओढा. प्रत्येक ओळ म्हणजे फाशाची पाच दानं. फाशाचा मध्य ३.५ आणि विचरण (प्रमाण विचलनाचा वर्ग) ३५ भागिले १२, म्हणजे २.९२, हे आपल्याला आधीच ठाऊक आहे. सहाव्या कॉलममध्ये व्हार-डॉट-पी, जे ५ ने भागतं. सातव्यात व्हार-डॉट-एस, जे ४ ने भागतं. दोन्ही कॉलमांची सरासरी वर काढा आणि एफ-नाइन ही कळ दाबत राहा, दर वेळी नवे आकडे येतात. सहाव्याची सरासरी २.३३ च्या आसपास घोटाळत राहते, सातव्याची २.९२ च्या. पाचाने भागणारं सूत्र सतत कमी दाखवतं.

कारण शोधायला आठवा कॉलम घाला. त्यात ओळीच्या स्वतःच्या मध्याऐवजी खऱ्या ३.५ पासूनच्या फरकांचे वर्ग घ्या आणि ५ नेच भागा. याची सरासरी पुन्हा २.९२ वर येते! म्हणजे खोट ५ मध्ये नव्हती. खोट होती ती त्या पाच आकड्यांचा स्वतःचा मध्य वापरण्यात. तो मध्य त्याच पाच आकड्यांतून निघालेला असल्यामुळे त्यांना सगळ्यात जवळचा असतो, म्हणून त्याच्यापासूनचे वर्ग नेहमी लहान पडतात. खरा मध्य माहीत नसतो, तेव्हा ही तूट एकने कमी अशा संख्येने भागून भरून काढतात. हा आठवा कॉलम झाल्यावर मुलं पहिल्यांदा आपणहून प्रश्न विचारायला लागतात, असा माझा अनुभव आहे.

गूगल शीट्सवर एफ-नाइन चालत नाही. तिथे कुठल्याही रिकाम्या सेलमध्ये काहीतरी लिहिलं की सगळे यादृच्छिक आकडे बदलतात. लिब्रेऑफिस कॅल्क फुकट आहे आणि या सगळ्याला पुरेसं आहे.

आता लोकलच्या त्याच दहा आकड्यांकडे परत चला. तुमच्याकडे दहाच दिवस आहेत. दुसरे दहा दिवस मिळाले असते तर मध्य किती आला असता? संख्याशास्त्रज्ञ ब्रॅडली एफ्रन यांनी १९७९ मध्ये यावर एक युक्ती मांडली, तिला बूटस्ट्रॅप म्हणतात. हातात असलेल्या दहा आकड्यांतूनच, काढलेला आकडा परत टाकत, दहा आकडे उचलायचे आणि त्यांचा मध्य काढायचा. असं हजार वेळा. एक्सेलमध्ये इंडेक्स फंक्शनच्या आत रँडबिटवीन(१,१०) लिहिलं की काम झालं: एका ओळीत असे दहा सेल, अकराव्यात त्यांचा मध्य, आणि हजार ओळी. मग त्या मध्यांचा आयतालेख (हिस्टोग्राम) काढा, वर्गांतर, म्हणजे एका खांबाची रुंदी, अर्ध्या मिनिटाचं ठेवा.

पाठ्यपुस्तकातल्या मध्यवर्ती सीमा प्रमेयामुळे तुम्ही घंटेच्या आकाराची वाट बघत असाल. दिसतात मात्र वेगवेगळ्या टेकड्या. एक २.५ च्या जवळ, दुसरी ७ च्या जवळ, तिसरी साडेअकराच्या जवळ, पुढे आणखी लहान होत गेलेल्या. का? एखाद्या ओळीत ४८ एकदाही न येण्याची शक्यता ०.९ चा दहावा घात, म्हणजे सुमारे ३५ टक्के. अशा ओळींचा मध्य छोटाच राहतो. एकदा येण्याची शक्यता ३९ टक्के, दोनदा येण्याची १९ टक्के. दर वेळी मध्यात जवळजवळ पाच मिनिटांची भर पडते. मधल्या दऱ्या रिकाम्या राहतात.

या आयतालेखासमोर थोडा वेळ बसा. ‘नमुना मोठा असेल तर मध्यांचं वितरण प्रसामान्य (घंटेच्या आकाराचं) होतं’ या वाक्यातला ‘मोठा’ किती मोठा, ते मूळ आकडे किती कलंडलेले आहेत यावर ठरतं. ३० झाले की पुरे, ही ओळ गाइडमध्ये असते, तिच्यावर विसंबू नका. पटत नसेल तर मूळ दहा आकड्यांतूनच पण एका ओळीत शंभर आकडे उचलून बघा. टेकड्या एकमेकींत मिसळतात आणि घंटा दिसायला लागते. ४८ च्या जागी ६ घालून बघा, दहा आकड्यांतही तुटक टेकड्या नाहीशा होतात. एकेक गोष्ट बदलून बघायची ही मुभा कागदावर नसते. हे प्रात्यक्षिक घाईत उरकू नका, सेमिस्टरमधल्या बाकी सगळ्यांपेक्षा याला जास्त वेळ द्या.

विश्वास अंतरालाची, म्हणजे खरा मध्य ज्या दोन आकड्यांच्या दरम्यान असावा त्या पट्ट्याची, शीटही याच घाटाची आहे. नॉर्म-डॉट-इन्व्हच्या आत रँड घालून मध्य ५० आणि प्रमाण विचलन १० असलेले पाच-पाच आकडे हजार ओळींत भरा. प्रत्येक ओळीचा मध्य आणि प्रमाण विचलन काढा. मग ‘मध्य अधिक-उणे १.९६ गुणिले प्रमाण विचलन भागिले पाचचं वर्गमूळ’ एवढ्या अंतरात ५० सापडतं का, ते इफ लावून तपासा. सापडलं तर १, नाही तर ०. सरासरी ९५ टक्के यायला हवी ना? येते साधारण ८८. आता १.९६ काढून २.७७६ घाला, मग ९५ येते. हा २.७७६ टी-कोष्टकातला चार डिग्रीज ऑफ फ्रीडमचा आकडा. डब्लिनच्या गिनेस ब्रुअरीत काम करणाऱ्या विल्यम गॉसेटने १९०८ मध्ये ‘स्टुडंट’ या टोपणनावाने जे शोधून काढलं ते हेच: नमुना लहान असला की प्रमाण विचलनही अंदाजच असतो, आणि त्या अनिश्चिततेची किंमत अंतर रुंद करून मोजावी लागते. शिवाय ९५ टक्के हा त्या पद्धतीचा गुण आहे, एखाद्या ओळीचा नाही, हेही इथे दिसतं. प्रत्येक ओळीत एक तर १ असतो किंवा ०.

सहसंबंधावर, म्हणजे दोन गोष्टी किती बरोबरीने बदलतात त्यावर, फार लिहीत नाही, एकच शीट सांगतो. तुम्ही फोर्टात काम करता, तेव्हा शेअरबाजाराचे दोन आलेख एकमेकांवर ठेवून ‘बघा, कसे बरोबर चालतात’ म्हणणारा कोणीतरी ऑफिसात असेलच. दोन कॉलम घ्या. प्रत्येक सेल म्हणजे वरचा सेल अधिक नॉर्म-डॉट-एस-डॉट-इन्व्हमधून आलेला यादृच्छिक आकडा. २५० ओळी, म्हणजे बाजाराच्या साधारण एका वर्षाएवढ्या. दोन्ही कॉलमांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही. सहसंबंध काढणारं कोरेल फंक्शन लावा आणि एफ-नाइन दाबा: ०.७, उणे ०.६, ०.४ असले आकडे सर्रास येतात. संख्याशास्त्रज्ञ अडनी यूल यांनी १९२६ मध्येच अशा सहसंबंधांना निरर्थक ठरवलं होतं. मग पातळीऐवजी रोजचा बदल घेऊन पुन्हा कोरेल लावा. आकडा शून्याजवळ येऊन बसतो.

एक सवय मात्र पहिल्या दिवसापासून लावा. प्रत्येक सरासरीच्या शेजारी काउंट लिहा, किती आकडे मोजले ते दिसू दे. हार्वर्डच्या रेनहार्ट आणि रोगॉफ या अर्थतज्ज्ञांचा सरकारी कर्ज आणि आर्थिक वाढीवरचा २०१० चा शोधनिबंध जगभर गाजला. २०१३ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातला विद्यार्थी थॉमस हर्न्डन याने त्यांची शीट तपासली, तेव्हा सरासरीच्या फॉर्म्युल्यातली ओळींची निवड अपुरी असल्याचं आढळलं आणि पाच देश बाहेर राहिलेले निघाले. त्या निबंधावर इतरही आक्षेप होते, पण हा एक तर शेजारच्या सेलमधल्या काउंटने पकडला गेला असता.

प्रोजेक्टच्या डेटाबद्दल. इंटरनेटवरून साफसूफ केलेला तयार डेटा उतरवू नका, तो सगळ्यांकडे तोच असतो आणि मास्तरांनाही पाठ झालेला असतो. लोकलचे उशीर दोन महिने टिपलेत तर तोच उत्तम प्रोजेक्ट होईल. दुसरा पर्याय सुट्ट्या नाण्यांचा. दामोदर धर्मानंद कोसंबी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) गणिताचे प्राध्यापक होते, पुण्याहून डेक्कन क्वीनने मुंबईला ये-जा करायचे. त्यांनी तक्षशिलेच्या आहत (ठसे मारून घडवलेल्या प्राचीन) नाण्यांची वजनं घेतली आणि दाखवलं की नाणं जितका काळ हातोहात फिरतं तितकं सरासरी वजन घटतं आणि वजनांमधलं विचरण वाढतं. नाण्याच्या वजनावरून त्याचा चलनातला काळ वाचायची ही रीत.

घरी हे एक रुपयाच्या नाण्यांवर करता येतं. स्वयंपाकघरातला एक ग्रॅमचा वजनकाटा चालणार नाही, ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा लागेल. शीटमध्ये साल, वजन आणि टांकसाळ असे कॉलम ठेवा. सालाखाली पत्त्यातल्या चौकटसारखी खूण असेल तर नाणं मुंबईच्या टांकसाळीतलं. जुनी मोठी स्टीलची नाणी ४.८५ ग्रॅमची, २०११ पासूनच्या मालिकेतली ३.७९ ची. दोन्ही एकत्र केलीत तर मध्य असा येईल की त्या वजनाचं नाणंच सापडणार नाही, म्हणून आधी ती वेगळी करा आणि मग प्रत्येक गटात सालानुसार मध्य आणि विचरण काढा. स्टील चांदीइतकं झिजत नाही, त्यामुळे फरक फारसा न दिसण्याचीही शक्यता आहे. तसं झालं तर तसंच लिहा. ‘फरक दिसला नाही, आणि माझ्या काट्याला इतपत फरक दिसलाही नसता’ असं आकड्यांनिशी लिहिणारा प्रोजेक्ट मी ओढूनताणून ‘सिग्निफिकंट’ केलेल्या प्रोजेक्टच्या वर ठेवतो.

प्रोजेक्टच्या मार्गदर्शकांनी मोठाच डेटा हवा असा हट्ट धरला, तर देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण करते, त्याची कोष्टकं घ्या. २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत ६,३६,६९९ कुटुंबं होती. एक्सेलच्या एका शीटमध्ये १०,४८,५७६ ओळी मावतात, तेव्हा कुटुंबांची फाइल ओळींच्या हिशेबाने बसेलही, पण ती तिथे उघडायच्या भानगडीत पडू नका. शिवाय त्यात प्रत्येक कुटुंबाला एक भार (वेट) दिलेला असतो, कारण सगळ्या भागांतून लोकसंख्येच्या प्रमाणात नमुना घेतलेला नसतो. तिथे नुसतं एव्हरेज लावलंत तर उत्तर चुकतं, सम-प्रॉडक्टने भारित मध्य काढावा लागतो, आणि अंतराल काढायला तर त्याहून जास्त काही लागतं. तुम्ही विचारलेला पायथॉन किंवा आर ही संख्याशास्त्राची प्रोग्रॅमिंग भाषा तिथे कामाला येईल. तोवर ही शीटं रोजच्या कल्याण–सीएसएमटी प्रवासात मोबाइलवरही करता येतील, बसायला जागा मिळाली तर.